दसादशे साहेब

नागपूरच्या तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत पाटी-पेन्सिलीची गरज कोणाला फारशी पडत नसे, कारण तिथे लहानू होता. लुगड्याच्या ताण्याला किती तार लागतील, लग्नाच्या पंगतीला किती तांदूळ शिजवायचे, तीन भावांत वाटणी कशी करायची, हे तो मागावरून न उठता सांगायचा. धोटा इकडून तिकडे जाईपर्यंत उत्तर तयार. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. अक्षरं तो बोट ठेवून, लावून लावून वाचायचा. पण आकड्यानं त्याला कधी अडवलं नव्हतं. माणसाला एखादी गोष्ट फार चांगली यायला लागली की तीच त्याला एक दिवस खड्ड्यात घालते म्हणतात. लहानू तर आधीपासूनच खड्ड्यात बसलेला होता.

कारण त्याचा माग खड्ड्याचा. विणकरानं जमिनीच्या काठावर बसायचं, पाय खाली मांडीएवढ्या खड्ड्यात सोडायचे आणि तिथल्या पट्ट्या दाबत विणायचं. बाप तसाच विणत आला, आजाही तसाच. फरक एवढाच, की बापाच्या वेळी घरासमोरचा रस्ता घराच्या बरोबरीनं होता. पुढे त्यावर दोनदा मुरूम-डांबर पडलं, रस्ता हातभर वर आला आणि घर हातभर खाली गेलं. श्रावण लागला की रस्त्याचं पाणी उंबऱ्यावरून आत यायचं आणि नेमकं मागाच्या खड्ड्यात जाऊन बसायचं. लहानू गुडघाभर पाण्यात पाय घालून विणायचा. सूत दमट होई, तार तुटे, पायाची कातडी पांढरी पडे. त्र्याहत्तरच्या पावसात मातीची पुढची भिंत फुगली, तेव्हा त्याची बायको रुख्माबाई म्हणाली, "आता घर उचला नाही तं आमाले उचला."

चौऱ्याहत्तर उजाडताच मिस्त्री आला, दोरी लावून गेला. जोतं दोन हात वर घ्यायचं, भिंती विटांच्या, वर छपराला नवी कवेलू. तीन हजार लागतील म्हणाला. घर पाहावं बांधून, असं जे म्हणतात ते बांधून झाल्यावर कळतं. लहानूला मिस्त्रीची दोरी पाहूनच कळलं.

तीन हजार मिळण्याच्या जागा दोन. एक, महाल भागातली घरतारण संस्था, जी घराचे कागद ठेवून घेऊन घरासाठीच कर्ज द्यायची. दुसरा, ईश्वरदास शेठ, ज्याच्या दुकानातून अर्धी गल्ली सूत आणायची. लहानू आधी संस्थेत गेला. हिशेबी माणूस तो, दोन्ही भाव ऐकल्याशिवाय भाजी घेत नसे.

संस्थेत पायऱ्या चढून वर गेल्यावर एक लाकडी जाळी, जाळीमागे चष्मेवाला बाबू आणि बाबूच्या डोक्यावर काळी पाटी. पाटीवर पांढऱ्या रंगात दोन-तीन ओळी. लहानूनं पहिली ओळ मनातल्या मनात लावली. द, सा, द, शे. दसादशे. त्यापुढे साडेबाराचा आकडा. एवढी मोठी संस्था, तिच्या साहेबाचं नाव पाटीवर असणारच. आडनाव जरा वेगळं होतं, पण आडनावांना काय, नागपुरात कसलीही असतात.

"तीन हजार पायजे होते, साहेब," तो म्हणाला. "घर उचलाचं आहे."

"घर तारण ठेवावं लागेल. कागद तुमच्या नावावर आहेत?" बाबूनं मान वर न करता विचारलं.

"आहेत. व्याज किती?"

बाबूनं लेखणीचं टोक पाटीकडे केलं. "साडेबारा."

"शेकडा साडेबारा?"

"शेकडा साडेबारा."

"म्हणजे तीस शेकड्याचे पावणेचारशे?"

आता मात्र बाबूनं मान वर केली. दिवसभर एकच गोष्ट चारचारदा समजावून त्याचा घसा बसलेला असायचा. त्याला खरंच बरं वाटलं. "बरोबर. वा! हिशेब पक्का आहे तुमचा."

"हिशेब पक्का आहे, म्हणूनच येतो आता," लहानू म्हणाला. टोपी नीट केली, हात जोडले आणि पायऱ्या उतरायला लागला. मागून बाबू ओरडला, "अहो, हप्ता तरी ऐकून जा!" पण महिन्याला पावणेचारशे रुपये व्याज मागणाऱ्या माणसाचा हप्ता ऐकायला लहानू काही खुळा नव्हता. महिन्याला पावणेचारशे गल्लीतली दोन घरं मिळूनही कमावत नसतील.

आता यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. बाबूनं शेकडा साडेबारा सांगितले, ते खरे होते. पावणेचारशे झाले, तेही खरे. फक्त वर्षाचे. बाबूच्या जगात व्याज म्हटलं की ते वर्षाचं. लहानूच्या गल्लीत आजापणजापासून व्याज म्हटलं की ते महिन्याचं. दोन रुपये म्हणजे महिन्याला शंभरावर दोन रुपये, ते कोणी सांगायचं नसतं आणि कोणी विचारायचंही नसतं. मध्ये एक शब्द राहून गेला. तो पाटीवर लिहिलेला होता, पण लहानूनं त्याला साहेब करून टाकलं होतं.

घरी येऊन त्यानं ही हकिगत रंगवून सांगितली. शेजारची कांताबाईही ऐकायला येऊन बसली होती. नवरा गेल्यावर ती गल्लीतल्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. तिच्या खोलीचं छप्परही त्याच पावसानं बसलं होतं आणि जावई तिला संस्थेचंच नाव सांगून गेला होता.

"शेकडा साडेबारा मांगते तो दसादशे," लहानू म्हणाला. "अन् वरून म्हनते, हिशेब पक्का आहे तुमचा!"

कांताबाई पोटभर हसली. रुख्माबाई हसली नाही. ती चुलीपुढे होती. तिला अक्षर नाही, आकडा नाही. सरळ आपलं मनात आलं ते तिनं विचारलं.

"साडेबारा महिन्याचे का वर्साचे?"

"व्याज वर्साचं रायते काय वं कधी?" लहानू म्हणाला. "काहीतरीच बोलते! भाकर टाक."

रुख्माबाईनं भाकर टाकली.

ईश्वरदास शेठ तर माणूस म्हणून वाईट नव्हताच. त्यानं लहानूला गादीवर बसवलं, चहा पाजला आणि दोन रुपये शेकडा भाव सांगितला. महिना साठ. कागद मात्र मुदत खरेदीचा करावा लागेल म्हणाला, आणि त्याचा अर्थही फोड करून सांगितला: घर आज मला विकलं असं लिहायचं, राहायचं तुम्हीच, दहा वर्षांत तीन हजार परत दिले की विक्री रद्द, नाही दिले तर विक्री पक्की. साडेबाराच्या समोर दोन. तिसरीतलं पोरही सांगेल. लहानूनं सही केली, सहीखाली रेघ मारली.

घर झालं. खरोखर चांगलं झालं. जोतं रस्त्यापेक्षा वर आलं, खड्डा कोरडा ठाक पडला आणि त्या पावसाळ्यात लहानू उगाचच दारात उभं राहून रस्त्यावरून वाहणारं पाणी बघत बसे. दुसऱ्याच्या घरी जाणारं पाणी बघायला एवढं सुख असतं हे त्याला माहीत नव्हतं. आठ महिन्यांनी कांताबाईनं त्याच्याच सल्ल्यानं शेठकडून हजार घेतले, त्याच भावानं, तसल्याच कागदावर. दर महिन्याच्या एक तारखेला पदरात वीस रुपये बांधून ती निघे आणि जाताना दारातून हाक देई, "लहानूभाऊ, तुमच्या हिशेबानं वाचलो गा! नाही तं त्या दसादशेनं खाल्लं असतं मले." पुढे पुढे तर गल्लीत कोणी जास्त भाव सांगितला की बाया म्हणायच्या, हा कोण दसादशे लागून गेला?

साठ रुपये पहिली तीन वर्षं निघाले. मग सुताचे भाव चढले आणि लुगड्याचे उतरले. पॉवरलूमचं लुगडं अर्ध्या किमतीत बाजारात आलं, ते धुतल्यावर कसं होतं हे कोणी पाहत बसेना. रुख्माबाईच्या गोट-पाटल्या गेल्या, मग पितळेची घागर गेली. लहानू रात्रंदिवस विणायचा आणि साठ द्यायचा. मुद्दल जिथल्या तिथे. साठ दिले की महिन्याचं व्याज फिटे आणि तीन हजार पुन्हा नव्यासारखे समोर उभे राहत. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. कोणापेक्षाही चांगलं कळत होतं. पण त्याच्याजवळ एक औषध होतं आणि ते तो रोज घ्यायचा. रुख्माबाई रडायला लागली की म्हणायचा, "दोन रुपयावर हे हाल आहेत. साडेबारावर असतो तं पयल्याच वर्षी रस्त्यावर आलो असतो. हिशेब कर वं."

तिला हिशेब येत नव्हता. ती डोळे पुसायची.

चौऱ्याऐंशीच्या मार्चात मुदत संपली. ईश्वरदास शेठ स्वतः आला, चहा घेतला, रडू नका म्हणाला, घाई नाही, आखजीच्या सणापर्यंत राहा. विटांची भिंत त्यानं हातानं चापटून पाहिली आणि काम चांगलं झालं आहे असं म्हणाला. लहानूनं दहा वर्षांत सात हजार दोनशे दिले होते. सही झाल्यापासून एकही महिना चुकवला नव्हता. तरीही शेठवर त्याचा राग नव्हता, कारण शेठनं सांगितलं ते केलं. राग असलाच तर काळावर. काळ वाईट आला, हिशेब चुकला नाही. घर गेलेल्या माणसाला काहीतरी उरायला हवं. लहानूला हे उरलं होतं.

अशात रुख्माबाईचा धाकटा भाऊ जागेश्वर पारशिवनीहून आला. तिथल्या शाळेत तो चपराशी होता, पगार सरकारी. गावातच प्लॉट घेतला होता, घर बांधायचं होतं. "महालातल्या संस्थेत कर्ज भेटते म्हनते, भाऊजी," तो म्हणाला. "साडेबारा टक्के. तुमी चला संग. मले हिशेब समजत नाही."

लहानूच्या अंगात कितीतरी दिवसांनी जीव आला. "अजून लुटूनच राहिला का तो!" तो म्हणाला. "चल. तुले त्याच्या तोंडासमोर करून दाखवतो हिशेब. एक घर तं वाचवतो माह्या हातानं."

पायऱ्या त्याच, जाळी तीच, पाटी नव्यानं रंगवलेली. जाळीमागचा बाबू पिकला होता आणि हात असलेल्या मोठ्या खुर्चीवर आला होता. लहानूनं जागेश्वरला मागे सारलं आणि आवाज चढवून म्हणाला, "रामराम, दसादशे साहेब!"

बाबूनं इकडेतिकडे पाहिलं. "कोण?"

"तुमीच. दसादशे साहेब. पाटीवर नाव आहे ना तुमचं."

बाबूनं मागे वळून पाटीकडे पाहिलं, मग लहानूकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. बाजूच्या टेबलावरच्या दोघांनाही त्यानं बोलावून सांगितलं, तेही हसले. मग चष्मा पुसत तो म्हणाला, "अहो बाबा, ते नाव नाही. माझं नाव वेगळं आहे. ते व्याजाचं लिहिण्याची पद्धत आहे. द सा द शे. दर साल, दर शेकडा. शंभर रुपयांवर एका वर्षाला साडेबारा रुपये."

"वर्साले?"

"मग काय महिन्याला? महिन्याला साडेबारा घेतले तर लोक आम्हाला जोड्यानं मारतील."

जागेश्वर हसला. लहानू जाळीला धरून उभा होता. त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता, आणि तो थांबवायचा कसा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पावणेचारशे भागिले बारा. महिन्याचे एकतीस रुपये चार आणे.

"चौऱ्याहत्तर साली," तो म्हणाला, "तीन हजाराले हप्ता किती पडे, साहेब?"

बाबूनं कपाटातून जुना तक्ता काढला. त्याला अशी माणसं आवडायची. "दहा वर्षांच्या मुदतीला... चव्वेचाळीस रुपये. मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून."

"अन् दहा वर्सांनं?"

"दहा वर्षांनी संपलं. कागद परत, घर मोकळं." बाबू बोलता बोलता थांबला. त्यानं लहानूच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुम्ही ते तर नाही? फटकन पावणेचारशे सांगितले होते ते? अहो, किती वर्षं मी इथे लोकांना तुमचं उदाहरण देतो! असा पक्का हिशेब मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. मग घर झालं की नाही?"

"झालं," लहानू म्हणाला.

मग त्यानं आपलं सगळं सांगितलं, कोणा दुसऱ्याचं सांगावं तसं. बाबूचं हसू गेलं. कागद कसला होता ते त्यानं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. मुदत उलटली, विक्री पक्की झाली. जे घर आता तुमचं नाही ते तारण कसं ठेवणार? कोर्टात जाता येईल, पण कोर्टाला वर्षं लागतील आणि वकिलाला पैसे. बाबू वाईट माणूस नव्हता. त्या गोष्टीत वाईट माणूस कोणी नव्हताच, हाच तिचा वाईटपणा. जागेश्वर एकदा भाऊजींकडे बघे, एकदा पाटीकडे.

"अन् मुदत संपली नसन तं?" लहानूनं विचारलं.

"मग होईल की. आम्ही कर्ज देऊ, त्यातून शेठचे फेडायचे, घर आमच्याकडे तारण. दोन जामीनदार लागतील, पगारदार."

कांताबाईच्या कागदाला अजून सात महिने होते. जागेश्वर पगारदार होता. तो जामीन राहायला लगेच कबूल झाला. त्याच्या शाळेतला एक जण दुसरा मिळेल म्हणाला.

लहानू घरी आला तेव्हा रुख्माबाई मागाची लाकडं सुतळीनं बांधत होती. खड्डा उघडा होता. दहा वर्षं कोरडा राहिलेला, आत कांड्यांचे तुकडे आणि सुताच्या गुंतवळी. तो काठावर बसला आणि सवयीनं पाय आत सोडले. दाबायला पट्ट्या नव्हत्या.

"काय म्हने तुमचा दसादशे?" तिनं विचारलं.

त्यानं कांडीचा एक तुकडा पायानं बाजूला सारला. तिनं सुतळीची गाठ मारली, दुसरी मारली, मग हात थांबले.

"वर्साचे होते?" ती म्हणाली.

लहानूनं मान डोलावली. तिला ओरडायचं होतं, त्याच्या डोक्यात लाकूड घालायचं होतं. दहा वर्षांपूर्वी चुलीपुढे विचारलेला प्रश्न तिला शब्दाशब्दानं आठवत होता आणि त्यालाही आठवत होता. पण त्याचं तोंड पाहून तिला त्याची कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"कांताबाईले सांगू नोका," ती म्हणाली. "आपलं गेलं ते गेलं. गल्लीत तुमचं तोंड तरी राहू द्या."

"तिचं वाचते वं अजून," लहानू म्हणाला आणि उठला.

नेमकी एक तारीख होती. कांताबाई दारातच भेटली, पदराला गाठ मारत निघालेली. लहानूनं तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दसादशे हे नाव नाही. साडेबारा वर्षाचे. हजाराला पंधराच्या आत हप्ता, तोही मुद्दलासकट. जागेश्वर जामीन राहतो. आज चल, उद्या चल, पण सात महिन्यांच्या आत चल. तो भराभर बोलत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसाला समजलं की नाही याची त्याला भीती वाटत होती.

कांताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या मागे, दारात बांधून ठेवलेल्या मागाच्या लाकडांकडे तिची नजर गेली आणि तिचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

"लहानूभाऊ," ती हळूच म्हणाली, आजारी माणसाशी बोलतात तसं, "घराचा लय धसका घेतला गा तुमी. व्याज वर्साचं रायते काय कधी? तुमीच तं सांगतलं होतं. तुमचा हिशेब चुकला काय आजपावतर?"

"चुकला," लहानू म्हणाला. "कांताबाई, चुकला होता माहा."

"जा, पडा थोडसं," ती म्हणाली. "वैनीले म्हना, पाय दाबून दे." तिनं पदराची गाठ पुन्हा चाचपून पाहिली, वीस रुपये जागेवर होते. उशीर झाला की शेठ बोलतात, म्हणून ती लगबगीनं गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागली.